रामकुंडाला किती सोसतं?

नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या रामकुंडाची लांबी साधारण २७ मीटर आणि रुंदी १२ मीटर. म्हणजे सव्वातीनशे चौरस मीटर पाणी, एखाद्या मंगल कार्यालयातल्या जेवणाच्या हॉलएवढं. एका माणसाला उतरायला, बुडी मारायला आणि हात जोडायला एक चौरस मीटर जागा आणि पाच मिनिटं धरली, तर तासाला जेमतेम चार हजार माणसं न्हाऊन निघतील. कोणी रेंगाळत नाही, कोणी घसरत नाही, रात्रीही रांग तुटत नाही असं मानलं, तरी चोवीस तासांत आकडा लाखाच्या आतच राहतो. कुंभमेळ्यातल्या पर्वणीच्या दिवशी नाशिकला येणाऱ्यांची गर्दी मात्र काही लाखांत मोजली जाते, आणि त्यातल्या बहुतेकांना बुडी इथेच हवी असते.

जाहीर वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे. त्यानंतर २०२७ साली २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर ही नाशिकची अमृतस्नानं. रस्ते, पूल, वाहनतळ, नवे घाट, साधुग्राम यांची चर्चा शहरात रोज चालते. तपोवनातली अठराशेच्या आसपास झाडं साधुग्रामासाठी जाणार, हे २०२५ च्या अखेरीस कळलं तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले आणि ते योग्यच झालं. पण झाडांसाठी जसा आवाज उठला तसा या सव्वातीनशे चौरस मीटरसाठी उठताना दिसत नाही. आणखी माणसं कुठे मावतील एवढाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आहे. कुंडाला किती सोसतं, हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा होता.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. कुंडावरचा रोजचा ताण त्याहून वेगळा आणि जास्त चिवट आहे. मी पोहायला शिकलो तो शेजारच्या गांधी तलावात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पंचवटीतल्या पोरांचं ते पोहण्याचं विद्यालयच होतं. पायरीवरून मुटका, कठड्यावरून सूर, आणि पूर आला की पुलावरून उडी मारणारी धाडसी पोरं बघायला दोन्ही काठांवर गर्दी. ती पोरं आजही सूर मारतात. धरणातून पाणी सोडलं की त्यातला एखादा वाहून जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. मग जीवरक्षक शिट्ट्या फुंकतात, दोर बांधला जातो, आठवडाभराने दोर सुटतो.

त्याच पाण्यावर इतर किती जणांचा हक्क आहे ते पहाटे साडेसहाला पायरीवर बसलं की दिसतं. परवा मी बसलो होतो. मराठवाड्यातून आलेलं एक कुटुंब लाल फडक्यात बांधलेला कलश घेऊन गुरुजींपुढे बसलेलं. गुरुजी गोत्र विचारत होते, धाकट्या भावाला ते आठवत नव्हतं, मोठी बहीण मागून सांगत होती. विधी झाला. भाऊ तिसऱ्या पायरीवर उतरला, शेवाळावरून पाय सरकला, कलश तिरका झाला आणि राख पाण्यावर पसरली. लगोलग कडेला उभ्या असलेल्या बाईने जाळी पुढे केली. राखेत सोन्याचा मणी, दाताची टोपी, नाण्याचा तुकडा सापडतो, त्यावर तिची चूल पेटते. तिच्या पलीकडे दोरीला लोहचुंबक बांधून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा नाणी ओढत होता. कलशाबरोबर आलेली प्लॅस्टिकची पिशवी, फोटोची चौकट आणि नवं कोरं धोतर तिथेच तरंगत राहिलं. महापालिकेचा सफाई कामगार ते बाहेर काढेपर्यंत पुढचं कुटुंब बसलंही होतं.

दिवे विकणाऱ्या मावशींना मी म्हटलं, "पानाच्या द्रोणातला द्या, थर्माकोलचा नको." त्या म्हणाल्या, "दादा, पानाचा द्रोण दोन तासांत वाळून आक्रसतो. माल उरला तर फेकायचा कोणी? थर्माकोल आठ दिवस टिकतो." त्यांचं म्हणणं खोटं नाही. या काठावर चालणारी जवळजवळ प्रत्येक चुकीची गोष्ट कोणाच्या तरी पोटाशी बांधलेली आहे. पुरोहित, नाभिक, फुलवाले, गोदाजलाचे कॅन विकणारे, रिक्षावाले, बुधवारच्या बाजाराला भाजी घेऊन येणारे, सांडव्यावर धुणं आपटणाऱ्या बायका, सगळ्यांचा दिवस या पाण्यावर उगवतो. म्हणून "घाट मोकळा करा" एवढं म्हणून प्रश्न सुटत नाही. हटवलेला माणूस चार दिवसांनी परत येतो, कारण त्याला दुसरीकडे जागा दिलेली नसते.

अस्थींचा विषय नाजूक आहे, पण तो टाळून रामकुंडाबद्दल बोलताच येत नाही. या कुंडाला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. इथे अस्थी पाण्यात विरून जातात ही श्रद्धा देशभर आहे. महात्मा गांधींच्या अस्थी १९४८ साली इथे विसर्जित झाल्या, गांधी तलाव हे नाव त्यातून आलं. पंडित नेहरूंच्या अस्थीही इथे आल्या. मी स्वतः वडिलांच्या अस्थी याच पायऱ्यांवरून सोडल्या, आणि उद्या माझ्या मुलांनाही इथेच यावंसं वाटेल. पण भाजलेलं हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. साचलेल्या पाण्यात ते सहज विरघळत नाही. वाहत्या पाण्यात ते झिजतं, खडी-वाळूत मिसळतं, पुढे निघून जातं. विलय घडवतो तो प्रवाह. पाणी थांबलं की राख तळाला बसते, थरावर थर चढतो, आणि ज्या श्रद्धेसाठी माणूस शेकडो मैलांवरून येतो तीच अर्धी राहते. प्रवाहाची मागणी पर्यावरणवाल्यांनी करायची आणि धर्माची बाजू पुरोहितांनी सांभाळायची, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. इथे दोन्ही मागण्या एकच आहेत.

तो प्रवाह कुठे गेला? जुन्या नोंदींप्रमाणे १६९६ साली चित्रराव खटारकरांनी कुंड बांधलं आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. तेव्हा ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी बाराही महिने या पायऱ्यांवरून जात असे. आता शहराच्या वर दहा-बारा किलोमीटरवर गंगापूर धरण आहे. नाशिकचं पिण्याचं पाणी, कालव्यांवरची शेती आणि उद्योग या सगळ्यांचा भार त्याच्यावर. पावसाळ्यातला विसर्ग सोडला तर नदीला मिळतं ते आवर्तनाचं पाणी. त्यात २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं आणि मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडणं सुरू झालं. २०२३ मध्येही नाशिक आणि नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा इथे आंदोलनं झाली. मराठवाड्याला पाणी मिळायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला खटकतं ते वेगळं. धरणातल्या प्रत्येक थेंबावर कोणाचा तरी हक्क नोंदवलेला आहे. नदीत नदी म्हणून किती पाणी वाहायला हवं, त्याचा रकाना मात्र त्या हिशोबात रिकामा आहे. पर्वणीला पाणी सोडतात तेव्हा ते पाहुण्यांसाठी असतं. पाहुणे गेले की दरवाजे बंद.

मग उरलेल्या आठ महिन्यांत कुंडात येतं काय? वरच्या अंगाने शहर वाढलं. गंगापूर रोड, आनंदवल्ली, सोमेश्वरच्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या. मलनिस्सारण वाहिन्या टाकल्या तरी कुठे झाकण तुंबतं, कुठे नाला थेट उतरतो. स्नानासाठी पाणी योग्य ठरवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष साधे आहेत: जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमहून जास्त, आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू जास्तीत जास्त २५००. हे तीन आकडे रोज सकाळी कुंडाच्या दारात फळ्यावर लिहिले, तर अर्धं शहर दोन दिवसांत जागं होईल. धरणातला साठा किती टक्के आहे हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण आपण ज्यात नाक बुडवतो त्या पाण्याचा आकडा विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही.

आणि आता काँक्रीट. रामकुंडाभोवती लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवेकुंड, खंडोबाकुंड अशी कुंडांची माळच होती. शेजारी अरुणा नदी येऊन मिळायची, ती आता जमिनीखाली गडप आहे. या कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते. धरणाचं पाणी नसलं तरी झरे थोडं थोडं पाणी ढकलत राहायचे. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत तळावर काँक्रीट ओतलं गेलं. हेतू चांगला असेल: गाळ कमी व्हावा, पाय रुतू नयेत, साफसफाई सोपी व्हावी. पण त्याने झऱ्यांची तोंडं बुजली. गोदाप्रेमी नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि पुढे स्मार्ट सिटीच्या कामात काही कुंडांचा तळ फोडून काँक्रीट काढलं गेलं. तेव्हा खालून पाणी वर आलेलं ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळा युक्तिवाद ऐकवावा लागत नाही. रामकुंडाच्या तळाबद्दल मात्र आक्षेप आहे की तो खोल झाला तर न पोहता येणारे भाविक बुडतील. आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर हवं: उतरण्याच्या बाजूला साखळदंड आणि ठरावीक खोलीपर्यंत दगडी पायऱ्या, आणि मधल्या भागातला तळ मोकळा. जुन्या बांधकामात नेमकं हेच असायचं. आपल्या पूर्वजांना काँक्रीट मिळालं नाही म्हणून त्यांनी दगड बसवले असं नाही. दगडाच्या सांध्यांतून पाणी श्वास घेतं हे त्यांना ठाऊक होतं.

नदी आपली हद्द विसरत नाही. सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९. प्रत्येक पुरात नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि सराफ बाजारात पाणी शिरलं. नाशिककर आजही पुराची पातळी मीटरमध्ये सांगत नाहीत, मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला पाणी असं सांगतात. इतकी चोख मोजपट्टी नदीपात्रात उभी असताना पूररेषेच्या आत नवे ओटे, कारंजी, कठडे बांधायचा मोह होतोच कसा, हे मला कधी उमजलं नाही.

जबाबदारी कोणाची, हे शोधायला लागलं की माणूस दमतो. पात्र आणि धरण जलसंपदा विभागाकडे. घाट, साफसफाई आणि सांडपाणी महापालिकेकडे. पाण्याची तपासणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गर्दी पोलिसांकडे, विधी पुरोहित संघाकडे, सुशोभीकरण स्मार्ट सिटीकडे, आणि आता सिंहस्थासाठी कुंभमेळा प्राधिकरण. २०२४ मध्ये गोदाआरतीचा मान कोणाचा यावरून दोन संस्थांत उघड वाद झाला. आरतीचा मान दोघांनाही हवा होता. आरती झाल्यावर पाण्यात तरंगणाऱ्या द्रोणांवर हक्क सांगायला कोणी पुढे आल्याचं मी ऐकलं नाही. प्रदूषणाबाबत २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, नीरीसारख्या संस्थेचा सल्ला घेतला गेला, विभागीय आयुक्तांची समिती आली, महापालिकेत गोदावरी संवर्धन कक्ष आला. या सगळ्याने काहीच झालं नाही असं म्हणणं अन्याय होईल. निर्माल्य कलश आले, गणेशमूर्तींच्या दानाची सवय लागली, कपडे-गाड्या धुण्यावर निदान टोकणारं कोणीतरी आलं. पण न्यायालयाने ढकलल्याशिवाय चाक हललं नाही, ही गोष्ट उरतेच.

वापरावर मर्यादा घालायची म्हटलं की नाशिकमध्ये एक जुनी जखम आठवायला हवी. कुंडापासून पाच-सात मिनिटांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लढवला, १९३५ पर्यंत. देवाच्या दाराशी कोण जाऊ शकतो हे जातीवरून ठरवणारं हे गाव होतं. म्हणून इथली कुठलीही मर्यादा तिकीट, पास, ओळखपत्र किंवा "व्हीआयपी घाट" यांच्या रूपाने आली, तर मी तिच्या विरुद्ध उभा राहीन. मर्यादा माणसांच्या संख्येवर आणि वस्तूंवर असावी, आणि ती सगळ्यांना सारखी. गर्दी वाटेल तशी येऊ दिली तर काय होतं तेही याच गल्ल्यांनी पाहिलं आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे निघालेल्या गर्दीत सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली.

हे दुखणं एकट्या नाशिकचं नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य झाला, सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा तीनेक चौरस किलोमीटरचा. मच्छीमारांना विश्वासात न घेता सीमा आखल्या म्हणून विरोध झाला तो आजवर शमलेला नाही. पुढे स्नॉर्कलिंग आणि स्कूबा आलं. कोळ्यांच्या पोरांना रोजगार मिळाला, ही मोठी गोष्ट. पण होड्यांचे नांगर प्रवाळावर पडू लागले, पर्यटक प्रवाळावर पाय देऊन उभे राहू लागले, मासे फोटोत यावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटं टाकली जाऊ लागली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. आता निवृत्त युद्धनौका 'गुलदार' निवती रॉकजवळ समुद्रात बसवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प आहे. पाणबुड्यांना प्रवाळाऐवजी दुसरं काही बघायला मिळालं तर प्रवाळाला थोडी उसंत मिळेल, ही कल्पना मला पटते. नाशिकच्या भाषेत सांगायचं तर दसक, टाकळी, नांदूरचे घाट त्यासाठीच होते. २०१५ मध्ये तिथे पायऱ्या बांधल्या, मेळा संपला आणि त्या गवतात गेल्या. माणसाला तिथे जावंसं वाटावं यासाठी पायऱ्यांबरोबर स्वच्छ पाणी, सावली, कपडे बदलायला आडोसा आणि विधी सांगणारे गुरुजी लागतात. दुसरा घाट गावाने आपला मानला तरच पहिल्यावरचा भार उतरतो.

हवाईतल्या हनौमा बे या उथळ उपसागराची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. काठावरून चालत उतरायचं आणि प्रवाळ बघायचा, अशी जागा. १९८० च्या दशकात तिथे वर्षाला तीस लाखांच्या घरात माणसं येत. प्रवाळ तुडवला गेला, वाळू गढूळ झाली. १९९० पासून तिथल्या पालिकेने टप्प्याटप्प्याने ताबा घेतला: माशांना खायला घालणं बंद, उतरण्यापूर्वी प्रत्येकाने छोटी चित्रफीत बघणं सक्तीचं, आणि आठवड्यातून एक दिवस उपसागराला सुट्टी. कोरोनानंतर ती सुट्टी दोन दिवसांची झाली आणि रोजच्या पाहुण्यांची संख्या साधारण चौदाशेवर आणली. उपसागर तरीही लोकांचाच राहिला. तिकीट मात्र तिथे आहे, ते मला इथे नको. सुट्टी हवी.

आणि सुट्टीसाठी हवाईला जायचीही गरज नाही. हरिद्वारला हर की पौडीवरचं पाणी कालव्याचं असतं. दरवर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कालवा बंद होतो, पात्र कोरडं पडतं, गाळ काढतात, भिंती दुरुस्त होतात. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या घाटांपैकी एक घाट वर्षातले काही आठवडे विसावतो, आणि त्याने कोणाची श्रद्धा दुखावल्याचं ऐकिवात नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपलं रामकुंडही काही आठवडे एकटं होतं. तेव्हा पास घेऊन मी एकदा तिकडून गेलो. पाण्यातून दुसरी पायरी दिसत होती.

म्हणून माझी मागणी लहान आहे. ध्वजारोहणाआधी, आणि नंतर दर महिन्याला एक ठरलेला दिवस, कुंड रिकामं करून तळ धुतला जावा. तारखा पंचांगाप्रमाणे वर्षभर आधी छापाव्यात, त्या दिवशी अस्थिविसर्जनाला खालच्या अंगाला वाहत्या पाण्यात सोय असावी, आणि धरणातून त्या एका दिवसापुरतं तरी पाणी नदीच्या नावावर लिहिलं जावं. अस्थींबरोबर आलेलं कापड, चौकट, पिशवी पायरीवरच वेगळी घेतली जावी आणि त्यासाठी राख चाळणाऱ्या बायकांनाच पगारी नेमावं. राखेतलं काय तरंगतं आणि काय बुडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं?

हे सगळं मी ओळखीच्या एका वयस्कर गुरुजींना सांगितलं. पंचवटीत त्यांच्या घराण्याच्या वह्यांत कित्येक पिढ्यांची नावं आहेत. मला वाटलं होतं ते रागावतील. ते बराच वेळ बोटांवर मोजत राहिले. "पितृपंधरवडा सोडा," ते म्हणाले. "श्रावण सोडा, सोमवती सोडा, बुधवारी बाजार असतो तोही नको. बाकी कुठलाही दिवस घ्या. तळ धुवायला नाही कोण म्हणेल? पण तारीख ठरवायला बसाल तेव्हा आम्हाला बोलवा, ठरवून झाल्यावर नको."